रंग उडालेली घरे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टींवरून वाद होतो. एक चकलीच्या भाजणीचे प्रमाण, आणि दुसरी घराचा रंग. भाजणीच्या वादात मला मताधिकार नाही. रंगाच्या वादात तो आहे अशी माझी समजूत होती. पण गेल्या काही वर्षांत त्या वादाचेच स्वरूप पालटले आहे. पूर्वी ‘कोणता रंग?’ असा प्रश्न असे. आता ‘द्यायचा की नाही?’ एवढाच प्रश्न उरला आहे. द्यायचा झाला तर तो कोणता, हे जणू साऱ्या शहराने मिळून आधीच ठरवून ठेवले आहे. तो पांढरा नव्हे, पिवळा नव्हे, राखीही नव्हे. ह्या तिघांची नुसती सावली पडलेला असा एक फिका रंग. दिवाणखान्यात तो, स्वयंपाकघरात तो, निजायच्या खोलीत तो, आणि देव्हाऱ्याच्या मागेही तोच.

ह्या लेखात मला ह्या रंगाचे परीक्षण करावयाचे आहे. पुस्तकाचे, नाटकाचे, मैफलीचे परीक्षण आपण आवडीने वाचतो. मैफल तीन तास चालते. नाटक रुचले नाही तर मध्यंतरात उठून येता येते. भिंतीचा रंग मात्र पाच-सात वर्षे सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर असतो. त्याच्यावर कोणी दोन शब्द लिहू नयेत हे मला चमत्कारिक वाटते.

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला भाचीकडे गेलो होतो. घर नुकतेच रंगवून झाले होते. “मामा, कसा वाटतो रंग?” तिने दार उघडता उघडताच विचारले. मी म्हणालो, “छान. घर मोठे झाल्यासारखे वाटते.” हे मी तिचे मन राखण्यासाठी म्हणालो नाही. ते खरेच होते. चारी खोल्यांत एकच फिका रंग. दारे त्याच रंगाची, कपाटे त्याच रंगाची, विजेच्या बटणांच्या पट्ट्यादेखील त्याच्याशी जुळत्या. जावईबापू समाधानाने म्हणाले, “नजर कुठे अडकत नाही बघा.”

संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. भाचीच्या सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि बोळात थांबल्या. त्यांचा उजवा हात भिंतीवरून सावकाश फिरत होता. मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाल्या, “भाऊ, न्हाणीघराचं दार कुठं गेलं हो?” त्या घरात त्या अकरा वर्षे राहत आहेत. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. “पूर्वी दार हिरवं होतं,” त्या म्हणाल्या, “हिरवं दिसलं की वळायचं, एवढंच ठाऊक.” भाचीने उठून त्यांना दारापर्यंत नेले. नजर कुठेही अडकू नये म्हणून जे घर रंगवले होते, त्यात ज्या नजरेला कुठेतरी अडकण्याची गरज होती ती बिचारी भिंत चाचपत होती. तेव्हापासून ह्या रंगाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता प्रथम त्याची बाजू मांडली पाहिजे. परीक्षकाचा तो धर्मच आहे. पांढऱ्या रंगावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीहून अधिक प्रकाश परत फिरतो. समोरच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर असलेल्या आपल्या शहरांतील घरांना ही गोष्ट मोलाची आहे. गडद रंगाची दहा बाय बाराची खोली दुपारी चार वाजताच दिवा मागते. शिवाय एकच रंग घेतला की काम सोपे होते. डबा उरला तर तो कोणत्याही खोलीच्या डागाला चालतो. पडदे, चादरी, गाद्यांचे अभ्रे कोणतेही आणा, भांडण होत नाही. नवराबायकोच्या आवडी जुळत नसतील तर दोघांचेही मन न दुखवणारा रंग म्हणूनही त्याचा उपयोग आहे. ह्या सगळ्या गोष्टी संसारी माणसाला पटणाऱ्या आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचे मला कारण नाही.

कोणी म्हणेल, पांढरे घर ही तर आपली जुनीच रीत. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी कळीचा चुना आणून पिंपात भिजत घालत. पाणी पडताच तो रटरटून उकळू लागे, आणि आम्हा मुलांना त्या पिंपाजवळ फिरकण्याची बंदी असे. मग तो फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची, आणि कुंच्याने भिंतीवर हात मारायचे. लावताना भिंत मळकट ओली दिसे. वाळता वाळता ती उजळत जाई. हवेतला कर्बवायू शोषून चुन्याचा पुन्हा दगड होतो म्हणून असे घडते, हे पुढे शाळेत कळले. त्या चुन्याला आणखीही एक काम होते. त्याच्या दाहकपणापुढे बुरशी आणि किडे टिकत नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी पथके घरोघरी चुना फासत हिंडली, ती ह्याच समजुतीने. आपल्याकडे पांढऱ्या भिंतीचा अर्थ असा होता: घर झाडले, रोगराई गेली, सण आला.

पण ते घर नीट आठवून पाहा. ते सर्वत्र एकच पांढरे कधीच नव्हते. चाळीतल्या खोलीत जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत तेलरंगाचा हिरवा किंवा तपकिरी पट्टा असे. बसलेल्या माणसांच्या डोक्यांचे तेल भिंतीला लागे, त्यावर तो तोडगा. दारे-खिडक्या हिरव्या नाहीतर निळ्या. जमीन शहाबादी फरशीची, करडी. गावाकडे जमीन शेणाने सारवलेली, ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा, चुलीमागची भिंत धुराने काळवंडलेली. “भिंतीला टेकू नकोस, पाठ पांढरी होईल,” हे वाक्य त्या चुन्याबरोबरच गेले. ह्या सगळ्या रंगांच्या मधोमध तो पांढरा होता, आणि म्हणून तो पांढरा दिसत होता.

वारली घरात पाहा. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पांढरा रंग पुष्कळ असतो, पण तो रेघेत असतो, ठिपक्यात असतो. पार्श्वभूमी मातीची असते. सबंध भिंत पिठाने माखली तर त्या चौकातली देवता दिसायचीच नाही. आपल्या अंगणातल्या रांगोळीचेही तेच आहे. शेणाने सारवलेल्या अंगणात जी रांगोळी उठून दिसे ती आजच्या पांढऱ्या फरशीवर दिसत नाही, म्हणून आपण तिच्यात रंग भरतो, आणि हल्ली तर तिच्यासाठी तपकिरी पाट मांडतो. फिक्या घराला आपल्या नकळत आपण असे उत्तर देतच असतो.

मग ‘एकच फिका रंग म्हणजे सुसंस्कृतपणा’ ही कल्पना आली कोठून? तिचे एक मूळ युरोपात आहे. विंकेलमान ह्या जर्मन पंडिताने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. शरीर जितके गोरे तितके ते सुंदर, असे त्याचे मत होते, आणि संगमरवरी ग्रीक पुतळे हा त्याचा आदर्श होता. गटेने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. रानटी माणसे, अशिक्षित लोक आणि मुले ह्यांना भडक रंग आवडतात, सुसंस्कृत माणसे ते टाळतात, असे त्याने त्यात नोंदवून ठेवले. गंमत अशी की ते ग्रीक पुतळे मुळात पांढरे नव्हतेच. त्यांच्यावर निळा, तांबडा, पिवळा असे रंग चढवलेले असत; शतकांच्या ऊनपावसाने आणि जमिनीत पुरले गेल्याने ते उडाले. तरी पांढऱ्याचा मोह असा की १९३७-३८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे अधिक शुभ्र दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी खरवडली गेली. ज्या दगडाचा खरा रंग काळाने नेला होता, त्याचा उरलासुरला पापुद्राही माणसाने काढला.

ह्या परंपरेचा आधुनिक आचार्य म्हणजे ल कॉर्ब्युझिए. १९२५ सालच्या एका पुस्तकात त्याने कायदाच सुचवला: प्रत्येक नागरिकाने आपल्या घरातील पडदे, नक्षीचे कागद, चित्रविचित्र भिंती काढून टाकाव्यात आणि पांढऱ्या रंगाचा एक स्वच्छ हात द्यावा. घर पांढरे झाले की कोपऱ्यात घाण दडून राहत नाही, आणि माणूस मनानेही स्वच्छ होतो, असा त्याचा विश्वास होता. पण पुढची हकीकत ऐका. सहा वर्षांनी, १९३१ साली, ह्याच माणसाने एका स्विस कंपनीसाठी भिंतीच्या कागदांचे त्रेचाळीस रंग तयार करून दिले. आणि चंदीगडला त्याने बांधलेल्या उच्च न्यायालयाच्या दारातील प्रचंड खांब हिरवे, पिवळे आणि तांबडे आहेत. ज्याने कायदा सांगितला त्याला तो पाळवला नाही. ह्यात मला त्याचा दोष दिसत नाही. डोळा असलेल्या माणसाला तो पाळवणारच नव्हता.

येथवर मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहितो, कारण गटेचे ते वाक्य मी वाचण्यापूर्वीच माझ्या अंगात मुरलेले होते.

आमच्या कचेरीतील एका शिपायाने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी उपनगरात दोन खोल्यांचे घर घेतले. वास्तुशांतीला आम्ही तिघे-चौघे गेलो. बाहेरच्या खोलीच्या भिंती मोरपंखी, आतल्या खोलीच्या गुलाबी, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्याला पिवळा रंग. आत शिरताच माझ्या तोंडून निघून गेले, “वा! पण जरा फिका घ्यायला हवा होता.” तो काही बोलला नाही. त्याची बायको पेढ्यांची बशी घेऊन उभी होती. ती क्षणभर भिंतीकडे पाहत राहिली आणि मग आत गेली. परतताना तो मला स्टेशनापर्यंत पोहोचवायला आला. वाटेत म्हणाला, “साहेब, बावीस वर्षं चाळीत काढली. मालक देईल ती सफेदी. खिळा ठोकायचा तरी विचारावं लागायचं. हे रंग तिनं निवडले. आठ दिवस कार्ड उशाशी घेऊन झोपायची.”

मी क्षमा मागितली नाही. मागायला हवी होती. ‘भडक’ हा शब्द आपण रंगासाठी वापरतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तो माणसासाठी वापरलेला असतो. एस्टीच्या खिडकीतून गावोगाव दिसणारी पोपटी आणि गुलाबी घरे पाहून आपण हसतो, त्या हसण्यात रंगाची पारख किती आणि आपण शहाणे असल्याचा आनंद किती, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. मी तपासले, आणि मला उत्तर आवडले नाही.

पण भाचीच्या घराचा फिका रंग केवळ ह्या शहाणपणातून आलेला नव्हता. जेवताना मी जावईबापूंना सहज विचारले, “एकही भिंत वेगळी करावीशी वाटली नाही?” ते म्हणाले, “वाटली होती. हिला स्वयंपाकघर पिवळे हवे होते. पण उद्या घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे झाले तर फिका रंग बरा. येणाऱ्याला आपले सामान त्यात कल्पून पाहता येते.” मी विचारले, “विकायचे आहे का?” ते म्हणाले, “छे, तसा काही विचार नाही.”

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख येथे आहे. विकायला काढलेल्या घराला फिका रंग द्यावा हा सल्ला योग्यच आहे. दलालही तोच देतो. दुकानदार कापडाचा गठ्ठा पांढऱ्या गादीवर उलगडून दाखवतो तसेच ते. पण जे घर विकायचे नाही, ज्यात म्हातारी आई आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, ते घर कधीतरी येईल अशा एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या सोयीने रंगवायचे, आणि आपण त्यात पंधरा वर्षे त्याचे पाहुणे म्हणून राहायचे! चाळीतल्या भाडेकऱ्याला मालकाची सफेदी सोसावी लागे, कारण घर त्याचे नव्हते. आपण कर्ज फेडफेडून घराचे मालक झालो, आणि न आलेल्या मालकाची सफेदी स्वतःहून लावून घेतली. शिपायाच्या बायकोला जे कळले होते ते आपल्याला कळले नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

ह्यावर ‘मग काय, सगळे घर मोरपंखी करायचे?’ असे विचारले जाईल. तसे नव्हे. पांढऱ्याशी माझे वैर नाही. लुई बारागान ह्या स्थापत्यकाराने १९४८ साली मेक्सिको शहरात स्वतःसाठी बांधलेले घर जगभरची माणसे रंगांसाठी पाहायला जातात. पण त्या घरातल्या बऱ्याच भिंती पांढऱ्याच आहेत. जेथे वळायचे, थांबायचे, तेथे तो एखादी भिंत गुलाबी करतो, आणि तिचा उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडतो. क्लोद मोने हा चित्रकार १८८३ साली झिव्हर्नी गावी राहायला गेला. तेथे त्याने जेवणघर सबंध पिवळे करून घेतले, भिंतीच नव्हेत तर कपाटेसुद्धा, आणि त्याला लागून असलेल्या स्वयंपाकघराला निळ्या फरश्या लावल्या. दार उघडले की पिवळ्यातून निळ्यात पाऊल पडते. पुढे मोनेलाही मोतीबिंदू झाला आणि १९२३ साली त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. डोळे मंद झालेल्या त्या दिवसांतही आपण कोणत्या खोलीत आहोत हे त्याला कोणाला विचारावे लागले नसेल, असे मला भाचीच्या सासूबाईंना पाहिल्यापासून वाटत आले आहे.

आपल्याला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्यात पणजीच्या फोंतेन्यास भागातून चालत जा. एक घर पिवळे, पुढचे निळे, त्यापुढचे तांबडे. खिडक्यांच्या कडा मात्र पांढऱ्या. पांढरा रंग चर्चचा, म्हणून घराला तो द्यायचा नाही असा पोर्तुगीज अमदानीत दंडक होता, असे तिकडची जुनी माणसे सांगतात. उलट सेवाग्रामला जा. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला गेले. बापूकुटीइतके साधे घर शोधून सापडायचे नाही. पण तिच्या मातीच्या भिंतीवरही मीराबेनने हाताने उठवलेली ताडाची झाडे आहेत. साधेपणाला माणसाच्या हाताचा विटाळ होत नाही. आपल्या आजच्या फिक्या घरांत मला साधेपणा खटकत नाही. ती कोणाची घरे आहेत हे भिंतीवरून कळत नाही, हे खटकते.

तेव्हा दिवाळीनंतर ज्यांच्या घरी रंगारी यायचा असेल त्यांना माझे दोन-चार शब्द सांगणे आहे. कार्डावरचा बोटभर चौकोन पाहून निर्णय घेऊ नये. दोन फुटांचा तुकडा भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर असा दोन दिवस पाहावा. समोरची इमारत तांबडी असेल तर तुमची फिकी भिंत संध्याकाळी तांबूस होणार आहे, हे आधीच जाणावे. घरात वृद्ध माणूस असेल तर न्हाणीघराची चौकट, पायरीची कड आणि बटणाची पट्टी भिंतीहून निराळ्या, ठळक रंगाची असावी. ही हौस नव्हे, ही काठीइतकीच गरज आहे. आणि घरातल्या प्रत्येक माणसाला, मुलांनाही, निदान एका भिंतीविषयी विचारावे.

भाचीला मी हे सर्व पत्राने कळवले. तिचे उत्तर आले. न्हाणीघराची चौकट आता गडद हिरवी आहे, आणि सासूबाई भिंतीला हात न लावता तिकडे जातात. स्वयंपाकघर मात्र अजून फिकेच आहे. ‘तेवढ्यासाठी पुन्हा रंगारी बोलवायचा का,’ असे जावईबापू म्हणतात. हे तसे रास्त आहे.

आमच्या घरी यंदा रंग काढला. कार्ड समोर ठेवून मी बोलू लागलो. विंकेलमान, गटे, ल कॉर्ब्युझिए असे सगळे बोललो. सौभाग्यवतीने ते चकल्या पाडता पाडता ऐकून घेतले. मग म्हणाली, “एवढं कळतं तर त्या शिपाईभाऊंकडे एकदा जाऊन या की. दिवाळीच आहे.”

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन जाणार आहे. पंधरा वर्षे झाली. भिंती अजून मोरपंखी असतील तर काय म्हणायचे ते मी ठरवून ठेवले आहे. आणि मुलाने घर हाती घेऊन त्या फिक्या केल्या असतील, तरीही तेच म्हणायचे आहे.